अवशेष प्रसामान्य नसतील तेव्हा : ‘आर’चा काही महिन्यांचा अनुभव

कीटकनाशकांच्या चाचण्यांतील मोजणीचे प्रसरण विश्लेषण (उपचारांच्या सरासऱ्यांतील फरक खरा की योगायोगाचा, हे तपासण्याची रीत) मी गेले काही महिने ‘आर’ या मोफत संख्याशास्त्रीय संगणक प्रणालीत करीत आहे. अवशेष, म्हणजे प्रत्येक नोंद आणि तिच्या उपचाराची सरासरी यांतील फरक, प्रसामान्य (घंटेच्या आकाराच्या) वितरणात बसत नाहीत तेव्हा ती कितपत उपयोगी पडते, एवढ्यापुरताच हा अभिप्राय आहे. उदाहरणासाठी प्रणालीसोबतच येणारा ‘इन्सेक्टस्प्रेज’ हा संच घेतो : ६ फवारण्या, प्रत्येकी १२ नोंदी आणि प्रत्येक नोंदीत कीटकांची संख्या.

प्रसरण विश्लेषणाची ‘एओव्ही’ ही आज्ञा दिली की एफचे मूल्य (उपचारांमधील आणि उपचारांतर्गत प्रसरणांचे गुणोत्तर) ३४.७ असे लगेच मिळते. गृहीतके पाळली गेली की नाही, याबद्दल मात्र प्रणाली आपणहून चकार शब्द काढत नाही. अवशेषांवर शॅपिरो-विल्क ही प्रसामान्यतेची चाचणी लावली तर पी ०.०२२ येतो (०.०५ पेक्षा कमी पी म्हणजे प्रसामान्यता नाकारली गेली, असे धरतात) आणि पुष्कळ जण तेथेच धास्तावून प्रसामान्यता न मागणाऱ्या क्रस्कल-वॉलिस चाचणीकडे वळतात. (शेताचे सारख्या जमिनीचे गट पाडून केलेल्या गटवार आराखड्यात ती चाचणी या गटांची दखलच घेत नाही, तेथे फ्रीडमन चाचणी हवी.) माझ्या मते खरे दुखणे निराळे आहे. ‘प्लॉट’ने काढलेल्या पहिल्याच आलेखात अवशेष डावीकडे दाटलेले आणि उजवीकडे फाकलेले दिसतात, कारण ‘सी’ फवारणीची सरासरी जेमतेम २.१, ‘एफ’ फवारणीची १६.७, आणि मोजणीच्या आकड्यांत सरासरीबरोबर प्रसरणही वाढते.

वर्गमूळ घेतल्यावर हा पसारा बराच सारखा होतो आणि एफचे मूल्य ४४.८ वर जाते. आपल्या कृषी विद्यापीठांच्या प्रबंधांत हीच रीत रुळलेली आहे. पण वर्गमुळांच्या सरासरीचा वर्ग मूळ सरासरीपेक्षा कमी भरतो, त्यामुळे सी.डी. (दोन उपचारांत खरा फरक मानण्यासाठी लागणारे किमान अंतर) रूपांतरित आकड्यांची आणि शेतकऱ्याला सांगायची संख्या मूळ, अशी पंचाईत होते.

म्हणून मी ‘जीएलएम’कडे, म्हणजे मोजणीच्या आकड्यांनाही चालणाऱ्या व्यापक रेषीय प्रतिमानाकडे वळलो. त्यात फवारण्यांमधील फरक थेट ‘इतक्या पट’ असा सांगता येतो. प्रसरण सरासरीइतकेच धरणारे साधे पॉयसन प्रतिमान येथे अपुरे पडते, कारण ६६ स्वातंत्र्यांशांवर (७२ नोंदी वजा ६ सरासऱ्या) अवशिष्ट डेव्हियन्स, म्हणजे प्रतिमान आणि नोंदी यांतील तफावतीचे माप, साधारण तितकाच हवा तो ९८.३ उरतो; प्रसरण सरासरीच्या काही पट धरणारे ‘क्वासिपॉयसन’ निवडले की प्रमाणत्रुटी (अंदाजातील अनिश्चिततेची मापे) योग्य तेवढ्या रुंदावतात. एक अडचण मात्र राहते : एखाद्या उपचारात सगळेच शून्य आले तर या प्रतिमानातील त्याची प्रमाणत्रुटी अवाच्या सवा फुगते, आणि अशा तक्त्यांसाठी मी अजूनही ०.५ मिळवून वर्गमूळच घेतो.