लॉबीत गाड्यांवर लिमिट लावायचं तर कुठलं? एकच गाडी, पॉइंट्स, बीओपी की हाताने टाकलेले आकडे

ऑनलाइन रेसिंग गेममध्ये लॉबी, म्हणजे सगळ्यांनी एकत्र खेळायची खोली, उघडली की दुसऱ्या-तिसऱ्या रेसपर्यंत कुणीतरी चॅटमध्ये टाकतोच, "अरे ती गाडी बॅन कर ना यार". होस्ट, म्हणजे लॉबी चालवणारा, ती बंद करतो, पुढच्या रेसला दुसरीच कुठलीतरी गाडी सगळ्यांना धुऊन काढते, मग तीही बंद, आणि असं करत करत निम्मी लॉबी निघून जाते. म्हणून बॅन लिस्टबद्दल इथे फार बोलत नाही. लावायचाच असेल तर बॅन गाडीपेक्षा पार्टवर लावा, म्हणजे "इंजिन स्वॅप नको" किंवा "फोर व्हील ड्राइव्ह कन्व्हर्जन नको", त्याने एका फटक्यात बऱ्याच गाड्या सरळ होतात. नावं घेत बसलात तर यादीला अंत नाही.

बाकी मग चार रस्ते उरतात: सगळ्यांना एकच गाडी, पॉइंट्सची किंवा क्लासची लिमिट, गेमने आधीच समतोल केलेली कॅटेगरी म्हणजे बीओपी (बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स), आणि पॉवर-वजन-टायरचे आकडे स्वतः टाकणं. प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारतो, हे बंधन गेम आपणहून तपासतो का, की होस्टला हवालदारकी करावी लागते? जे सेटिंगमध्ये लॉक होत नाही ते अनोळखी लोकांच्या लॉबीत कुणी पाळत नाही. मित्रांच्यात चालतं, तेही पहिली हार होईपर्यंत.

एकच गाडी, ट्युनिंग बंद. फेअरनेस हवा असेल तर याच्या पुढे काही नाही, हरलं तर गाडीवर ढकलायला जागाच नाही. खऱ्या जगात माझदा एमएक्स-५ कप याच तत्त्वावर चालतो आणि तिथली चुरस बघण्यासारखी असते. पण गाडी निवडताना होस्ट लोक जी चूक करतात ती म्हणजे आपली आवडती हायपरकार टाकतात. हजार एचपीच्या गाडीत नवशिक्या पहिल्याच कॉर्नरला गिरकी घेतो, पाचव्या लॅपला प्रत्येक जण एकेकटा फिरत असतो, आणि रेस म्हणून बघायला काही उरत नाही. कमी पॉवर, बेताची ग्रिप अशी गाडी दिली की चुका छोट्या होतात, स्लिपस्ट्रीममध्ये, म्हणजे पुढच्या गाडीने कापलेल्या हवेत, मागचा सुटत नाही, घोळका शेवटपर्यंत एकत्र राहतो. दुसरं म्हणजे ती गाडी सगळ्यांकडे असायला हवी. ग्रॅन टुरिस्मो ७ मधल्या काही लेजंड गाड्या कोटभर क्रेडिटच्या वर जातात, तसली गाडी लॉबीला लावली तर येणार कोण? डीएलसीतल्या, म्हणजे वेगळे पैसे देऊन घ्यायच्या, गाड्यांचंही तेच.

याच पर्यायात एक पोटप्रकार आहे, गाडी एकच पण सेटअप उघडा. आयरेसिंग या गेममध्ये फिक्स्ड सेटअप आणि ओपन सेटअप अशा दोन्ही प्रकारच्या सिरीज चालतात त्या यासाठीच, ज्याला फक्त गाडी चालवायचीय तो फिक्स्डमध्ये जातो, ज्याला स्प्रिंग आणि अँटिरोल बार फिरवत रात्र काढायचीय तो ओपनमध्ये. तुमच्या लॉबीत दोन्ही जातीचे लोक असतील तर फिक्स्डच ठेवा, कारण सेटअपमधून मिळालेला फायदा समोरच्याला दिसत नाही आणि न दिसणाऱ्या फायद्यावरून भांडणं जास्त होतात.

आता पॉइंट्स. गाडी किती जोरात पळेल याचा गेमने काढलेला एक आकडा, फोर्झा गेम्समध्ये त्याला पीआय म्हणतात, ग्रॅन टुरिस्मोत पीपी. बहुतेक लॉब्या यावरच चालतात कारण लावायला सोपं आणि गाड्यांची मजाही राहते. फोर्झा होरायझन ५ मध्ये ए क्लास म्हणजे ७०१ ते ८००, एस१ म्हणजे ८०१ ते ९००. २०२३ च्या फोर्झा मोटरस्पोर्टमध्ये मात्र ए क्लास ६०१ ते ७०० आहे, त्यामुळे एका गेममधून दुसऱ्यात गेलेल्या मंडळींना नुसतं "ए क्लास" सांगू नका, आकडा सांगा. आणि क्लास म्हणजे समानता असं समजू नका. ७५० ची स्टॉक, म्हणजे काहीही न बदललेली, गाडी आणि पार्ट लावून बरोब्बर ८०० ला आणून ठेवलेली गाडी, दोन्ही ए क्लासच, पण ५० पॉइंट्सचा फरक कसलेल्या ड्रायव्हरलाही भरून काढणं जड जातं. होस्टने "८०० पर्यंत ट्यून करून या" असं आधी सांगितलं तर नवीन माणूस निदान तयारीने येतो.

खरी गोम पुढेच आहे. हा आकडा म्हणजे प्रत्येकाला दिलेला सारखा पगार, कुणी इंजिनवर उडवतो, कुणी टायरवर, कुणी वजन उतरवण्यावर, आणि फॉर्म्युलाला कुठला खर्च स्वस्त वाटतो ते ज्याला कळलं तो पुढे. मेटा गाडी, म्हणजे त्या नियमात सगळ्यात फायद्याची ठरून सगळेच घेऊ लागतात ती, तयार होते ती अशी. होरायझन ५ मध्ये एस२ क्लासला लॅम्बोर्गिनी सेस्टो एलेमेंटोची फोर्झा एडिशन, म्हणजे गेमची खास आवृत्ती, ग्रिडवर भरभरून दिसायची ती काही सगळ्यांना ती दिसायला सुंदर वाटते म्हणून नाही.

फोर्झा आणि ग्रॅन टुरिस्मोत इथे एक फरक आहे जो होस्टला माहीत हवाच. फोर्झात पीआय बदलतो तो पार्ट लावल्यावर, नंतर टायर प्रेशर, गिअर रेशो, सस्पेन्शन कितीही फिरवा, आकडा तोच राहतो. ग्रॅन टुरिस्मो ७ मध्ये सस्पेन्शन, बॅलास्ट (मुद्दाम घातलेलं जादा वजन), डाउनफोर्स (हवेने गाडी खाली दाबणं) हलवलं तरी पीपी हलतो. त्यामुळे तिथे लोकांनी उलटा उद्योग केला, वाकड्या सेटिंग करून पीपी खोटा खोटा खाली आणायचा आणि राक्षसासारखी गाडी छोट्या लिमिटमध्ये घुसवायची. टॉमाहॉक एक्स या गेममधल्या अफाट वेगवान काल्पनिक गाडीचा असाच किस्सा जुन्या खेळाडूंना आठवत असेल, नंतर अपडेटमध्ये ती भोकं बुजवली गेली. पण धडा असा की ग्रॅन टुरिस्मोत नुसती पीपी लिमिट लावून होस्ट निवांत बसू शकत नाही, सोबत टायर लॉक करायलाच हवेत. कारण टायरही पीपीत धरलेले असतात, त्यामुळे हुशार माणूस साधे टायर लावून पीपी वाचवतो आणि वाचलेला सगळा पीपी पॉवरमध्ये ओततो. लांब स्ट्रेटच्या ट्रॅकवर ती गाडी थांबवता येत नाही, आणि कॉर्नरला ती हळू असते म्हणून मागचे सगळे तिच्या मागे अडकतात.

हा "मागे अडकणं" प्रकार जरा नीट बघू, कारण अनफेअर वाटणाऱ्या निम्म्या रेस याच्यामुळे असतात. दोन गाड्या घ्या. एक १००० किलो आणि २५० एचपी, दुसरी १६०० किलो आणि ४०० एचपी. कागदावर दोघींचं गणित एकच, एका एचपीमागे चार किलो. होस्ट म्हणतो झालं की समान. पण टॉप स्पीडला वजनाचा फारसा संबंध नसतो, तिथे भांडण हवेशी असतं, आणि हवेचा अडथळा कापायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दोघींचा अडथळा सारखा धरला तर १.६ पट पॉवरवाली जड गाडी टॉप स्पीडला साधारण १७ टक्के पुढे, म्हणजे हलकी २४० ला अडकली तर जड २८० पर्यंत जाते. उलट ब्रेकिंगला जड गाडीला त्याच वेगावर ६० टक्के जास्त ऊर्जा जिरवायची असते, टायर लवकर जातात, कॉर्नरमध्ये हलकी तिला सहज गाठते.

आता अशा ट्रॅकवर टाका की जिथे दोघींचा लॅप टाइम सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत सारखा येतो. आकडे म्हणतात समतोल झाला. रेसमध्ये काय होतं, जड गाडी स्ट्रेटवर आरामात बाजूने निघून जाते, कॉर्नरला रस्ता अडवून बसते, हलकीला आत घुसायला जागा नाही, आणि कॉर्नर संपला की जड परत पळते. लॅप टाइम सारखा, पण ओव्हरटेक एकाच दिशेने. हलकी गाडी एकटी पुढे असेल तरच तिला तिचा वेग वापरता येतो. म्हणून नुसते एकेकटे लॅप मारून "दोन्ही गाड्या सारख्या आहेत" असं ठरवू नका, त्या दोन गाड्या एकमेकींच्या मागे सोडून चार लॅप बघा, आणि मध्येच ड्रायव्हर बदला, नाहीतर गाडीचा फरक बघताय की माणसाचा ते कळणार नाही.

हाताने आकडे टाकायचा पर्याय इथे कामाला येतो. जास्तीत जास्त पॉवर आणि कमीत कमी वजन, दोन्ही एकत्र लावायचे, एकटा कुठलाही नाही. नुसती पॉवर लिमिट लावली तर लोक गाडी सोलून सोलून हलकी करतात, नुसती वजनाची लावली तर इंजिन फुगवतात. दोन्ही लावले की टोकाच्या गाड्या आपोआप गळतात. वर टायरचा एकच प्रकार. ग्रॅन टुरिस्मोत कम्फर्ट, स्पोर्ट्स, रेसिंग अशा तीन जाती आणि प्रत्येकीत हार्ड, मीडियम, सॉफ्ट. रस्त्यावरच्या गाड्यांना कम्फर्ट किंवा स्पोर्ट्स हार्ड दिलं की पॉवरवाल्यांची अर्धी मस्ती तिथेच उतरते, कारण पॉवर जमिनीवर उतरवायला ग्रिपच नसते. माझ्या मते सगळ्या सेटिंगमध्ये टायर ही सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित सेटिंग आहे. ड्राइव्हट्रेनही बांधता येत असेल तर बांधा, फोर व्हील ड्राइव्हला स्टार्टला आणि ओल्या ट्रॅकवर जो फायदा मिळतो तो कुठल्याही आकड्यात नीट पकडला जात नाही.

या पर्यायाचा तोटा सरळ आहे, होस्टला ट्रॅकनुसार डोकं लावावं लागतं. त्सुकुबाचा लॅप जेमतेम २ किलोमीटरचा, ला सार्थ, म्हणजे ल माँचा ट्रॅक, १३ किलोमीटरच्या वर आणि तिथली म्युल्सानची स्ट्रेट शिकेन (वेग कमी करायला घातलेली वळणं) नसलेल्या लेआउटमध्ये जवळपास ६ किलोमीटरची. त्सुकुबाला नेमके बसलेले आकडे ला सार्थला नेले की सगळं उलटंपालटं. दर रेसला ट्रॅक बदलणाऱ्या लॉबीत हे कोण करत बसणार, त्यामुळे तिथे हा नाद सोडा.

तिथे बीओपी. म्हणजे एका कॅटेगरीतल्या गाड्यांची पॉवर आणि वजन गेम स्वतः ठरवतो, तुमचं ट्युनिंग गेलं खड्ड्यात. कल्पना खऱ्या रेसिंगमधून आलेली आहे. २००६ पासून चालत आलेल्या जीटी३ या रेसिंग गाड्यांच्या गटात मागे इंजिन असलेली पोर्शे ९११, पुढे इंजिन असलेली मर्सिडीज आणि मधोमध इंजिनवाली फेरारी एकत्र लढू शकतात त्या बीओपीमुळेच, नाहीतर तीन वेगळ्या जातीच्या गाड्या एका ग्रिडवर टिकणं अवघड. ग्रॅन टुरिस्मोत जीआर.३ आणि जीआर.४ या रेसिंग कॅटेगरींना बीओपी चालू करा, विषय संपला, गेमच तपासतो, होस्ट मोकळा. असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने या गेममध्ये तर जीटी३ हाच मुळी गेमचा गाभा आहे. अनोळखी लोक, बदलते ट्रॅक, वेळ कमी, या तिन्ही गोष्टी असतील तर डोळे झाकून हे घ्या.

बीओपीतही मेटा असतो. या ट्रॅकला ही गाडी, त्या ट्रॅकला ती, हे चालूच राहतं, फक्त फरक लॅपला दोन सेकंदांऐवजी दोन-तीन दशांशांचा राहतो आणि तेवढा साध्या लॉबीत ड्रायव्हरच्या चुकांमध्ये बुडून जातो. तक्रार करायचीच तर दुसरी आहे, ज्याने जुनी जपानी हॅचबॅक हौसेने सजवून ठेवलीय त्याला इथे काही कामच नाही. अशा माणसांची लॉबी असेल तर बीओपी लावून तुम्ही त्यांना घरी पाठवताय.

एकाच ग्रुपमध्ये ड्रायव्हरांची पातळीच खूप वेगळी असेल तर वरच्या चारपैकी काहीही लावा, तोच माणूस जिंकणार. तिथे गाड्या समान करून उपयोग नाही, जिंकणाऱ्यावर वजन टाका. जपानच्या सुपर जीटीत मिळालेल्या पॉइंट्सच्या हिशोबाने वजन चढवण्याची पद्धत आहे, ब्रिटिश टूरिंग कारमध्येही २०२१ पर्यंत सक्सेस बॅलास्ट, म्हणजे जिंकणाऱ्यावर चढवलेलं वजन, होतं, २०२२ ला हायब्रिड आल्यावर ते गेलं. असेटो कोर्साच्या सर्व्हरवर अॅडमिनला प्रत्येक गाडीवर वेगळं बॅलास्ट आणि रिस्ट्रिक्टर (इंजिनची पॉवर दाबणारी मर्यादा) टाकता येतं. ज्या गेममध्ये ते नाही तिथे रिव्हर्स ग्रिड करा, म्हणजे जिंकलेला पुढच्या रेसला मागून सुटणार. फक्त बॅलास्ट क्वालिफाइंगच्या वेळेवरून ठरवू नका, लोक मुद्दाम हळू चालवून हलकी गाडी मिळवतात आणि रेसमध्ये अचानक त्यांच्या अंगात येतं. निकालावरून ठरवा.

तर मी असतो तर: पब्लिक लॉबीला बीओपी, आणि नवशिके जास्त असतील तर एकच साधी गाडी. मित्रांच्या रविवारच्या लॉबीला पॉइंट लिमिट, पण टायर लॉक आणि एखादी थीम, जसं १९९० च्या दशकातल्याच गाड्या किंवा फक्त रिअर व्हील ड्राइव्ह, कारण थीम आली की मेटा गाड्या निम्म्या कमी होतात आणि लोक गॅरेजमधली विसरलेली गाडी बाहेर काढतात. सीझनभर चालणाऱ्या लीगला ट्रॅक आधीच ठरलेले असतात, तिथे पॉवर-वजनाचे आकडे बसवण्याचे कष्ट घ्यायला हरकत नाही.

आणि लॉबी चालू असताना एखादी गाडी डोईजड झाली तर ती रेस तशीच संपू द्या. पुढच्या रेसला वजन चढवा किंवा पॉवर उतरवा, एका वेळी एकच सेटिंग बदला आणि काय बदललं ते चॅटमध्ये टाका. दोन सेटिंग एकत्र बदलल्या तर कशामुळे फरक पडला ते होस्टलाही सांगता येत नाही.