मांडवीतलं लंगोटवालं दुकान, पाचपैकी चार

आधीच सांगतो, हे बाळाच्या लंगोटाबद्दल नाहीये, व्यायामाच्या लंगोटाबद्दल आहे. मीही तोच घोळ करून घेतला होता, बडोद्यात मांडवीजवळच्या पहिल्याच दुकानात लंगोट आहे का विचारलं तर तिथल्या बेननी एकदम प्रेमाने विचारलं, "बाबो केटला महिनानो छे?" म्हणजे बाळ किती महिन्यांचं? आणि बाबो म्हणजे मी, वय बेचाळीस, पोट सुटलेलं, समोर उभा.

ज्या बडोद्यात जुम्मादादा व्यायाम मंदिर हा जुना आखाडा आहे, तिथल्या व्यायामगुरू माणिकरावांचं नाव घेतलं की म्हातारी माणसं अजून ताठ बसतात, सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये १९०२ साली गामा पैलवानाने उचलला म्हणून दाखवतात तो दगड आहे, त्याच बडोद्यात एका लंगोटासाठी मला तीन दुकानं फिरायला लागली. कारण काय तर पोराला मलखांबाला सोडायला जायचो, वस्तादांनी मलाच धरलं, म्हणाले नुसते बाकावर बसून काय राहता. मलखांबाला एरंडेल लावलेलं असतं आणि पकड मांडीच्या कातडीने घ्यायची, त्यामुळे ढगळ हाफ पँट घातली की ती खांब आणि मांडीच्या मधे येते आणि तुम्ही सुर्रकन खाली. म्हणून लंगोट. आधी ऑनलाइन एक सपोर्टर, म्हणजे इलॅस्टिकवाला तयार लंगोट, मागवला होता, तीन आठवड्यात इलॅस्टिकने मान टाकली आणि जांघेत पुरळ उठलं ते वेगळंच. कुठून मागवला ते जाऊ द्या.

तर हे तिसरं दुकान. मांडवीवरून चालत गेलं की एका गल्लीत, दुकान कसलं, जिन्याखालची खोली. जानवी, करदोडे, सोवळ्याचे पंचे, उपरणी आणि मागच्या फळीवर लंगोटांचा गठ्ठा. काका सत्तरीच्या पुढचे, मराठीच. मी आपलं सवयीने विचारलं, एक्सएल आहे का. काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "अरे लंगोटाला नंबर नसतो, बांधणाऱ्याला अक्कल असते."

आणि खरंच नसतो. कापडाचा त्रिकोण, वरच्या दोन टोकांना लांब बंद, खालच्या टोकाला लांब पट्टा, बस. शिवण अशी फार नाहीच. काकांनी माझ्या पँटवरूनच बांधून दाखवला, दुकानात एक मावशी करदोडे बघत होत्या त्यांनी सभ्यपणे तोंड फिरवलं. त्रिकोण मागे कमरेवर धरायचा, बंद पुढे आणून गाठ मारायची, मग पट्टा पायांमधून पुढे ओढायचा, कमरेच्या बंदाखालून वर काढायचा, सगळं नीट जागेवर बसवून ताण द्यायचा, मग तोच पट्टा परत पायांमधून मागे नेऊन कमरेला खोचायचा. म्हणजे पुढे कापड दुहेरी होतं आणि ताण किती द्यायचा ते तुमच्या हातात. इलॅस्टिकला हे जमत नाही, ते सकाळी जेवढं आवळतं तेवढंच संध्याकाळी, आणि महिन्याभराने आवळतच नाही. साधू लोकांचं कौपीन तर याहून साधं, कमरेला दोरा आणि एक सरळ पट्टी. आमच्या लहानपणी करदोड्यात लंगोटी अडकवून पोरं गल्लीभर फिरायची तो हाच प्रकार, लंगोटीयार उगाच नाही म्हणत.

काकांचं दुसरं म्हणणं मात्र मला पटलं नाही. ते म्हणाले गोऱ्यांनी हे सगळं आपल्याकडूनच उचललं. तिथे मी जरा वाद घातला (घासाघीस करायला आलो होतो, इतिहासात शिरलो). जॉकस्ट्रॅप, म्हणजे सपोर्टरच, १८७४ साली शिकागोच्या शार्प अँड स्मिथ कंपनीच्या बेनेट नावाच्या माणसाने काढला तो बॉस्टनच्या दगडी रस्त्यांवर सायकल चालवून हैराण झालेल्या लोकांसाठी. आणि आपण सगळे घालतो ती आखूड ब्रीफ चड्डी त्याच जॉकस्ट्रॅपचा आधार डोक्यात ठेवून कूपर्स कंपनीने आणली, म्हणून नाव जॉकी. १९३५ च्या जानेवारीत शिकागोत ती पहिल्यांदा विकायला ठेवली त्या दिवशी बाहेर बर्फाचं वादळ होतं आणि तरी दुपारपर्यंत सहाशे नग गेले असं सांगतात. जपानमधे फुंदोशी, तीही लांब पट्टी गुंडाळून खोचायचीच. आता या सगळ्यांनी मांडवीला येऊन कापून नेलं का? दोन पायांचा माणूस धावायला, कुस्ती खेळायला लागला की पट्टी पायांमधून घेऊन कमरेला अडकवायची हे कुठेही सुचणारच. काका म्हणाले, "बरं, पण आधी कोणाला सुचलं?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, घासाघीस तिथेच हरलो.

ज्याला हल्ली थाँग म्हणतात आणि मॉलमधे ज्याच्यापुढून सासूबाईंबरोबर जाताना आपण छताकडे बघतो, तेही याच घराण्यातलं. रूडी गर्नराइख नावाच्या डिझायनरने १९७४ मधे थाँगचा पोहण्याचा पोशाख काढला तो लॉस एंजेलिसमधे किनाऱ्यावर उघडं फिरायला बंदी आली म्हणून, बंदीही पाळली जाईल आणि ऊनही लागेल अशी सोय. गंमत बघा, तिकडे तो प्रकार अंगप्रदर्शन आणि आपल्याकडे जवळपास तोच आकार म्हणजे ब्रह्मचर्य, लंगोटाचा पक्का.

आता मालाबद्दल. मी दोन घेतले, लाल मांजरपाटाचा नव्वदचा आणि पांढरा खादीचा एकशे तीसचा. लालच घ्या. खादीचा घाम छान टिपतो पण जाड आहे, गाठ मोठी होते आणि खांबावर उलटं झालं की कमरेत रुततो. लालचा त्रिकोण उरेब, म्हणजे तिरका कापलेला आहे त्यामुळे ओढलं की थोडा देतो, अंगाबरोबर बसतो, दोन महिने झाले रोज धुऊन शिवण शाबूत. काकांकडे इलॅस्टिक लावलेला रेडिमेड लंगोटही आहे, तो अजिबात घेऊ नका, सपोर्टरचा चुलतभाऊच.

एक तारा कापला तो काकांच्या डॉक्टरकीसाठी. लंगोट बांधला की हर्निया होत नाही, दिवसभर बांधावा वगैरे सांगतात. माझ्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं हर्निया याने टळत नाही, आणि त्या भागाला शरीरापेक्षा दोनेक डिग्री थंडच ठेवलेलं बरं असतं, तेव्हा तासभर व्यायामापुरता ठीक, बडोद्याच्या मे महिन्यात चोवीस तास आवळून बसायचं काम नाही. शिवाय पहिले आठ दिवस बांधायलाच पाच मिनिटं लागतात, आणि घाईची लागली तर काय होतं ते सांगत नाही.

दुकान दुपारी एक ते चार बंद, रविवारी सकाळीच उघडं. ऑनलाइन पेमेंट चालतं पण सुटे नेलेत तर काका खूश होतात आणि बांधायला परत एकदा शिकवतात. लाल रंग पहिल्या तीन धुण्यात जातो, वेगळा भिजवा, आमच्या आईचा पांढरा परकर सध्या गुलाबी आहे आणि तिने अजून माझ्याशी धड बोलणं सुरू केलेलं नाही.