तारापूरचा पहारा बरा की सेलाफील्डचा?

भाची विधी शाखेला आहे. वादविवाद स्पर्धेसाठी तिला बाजू निवडायचीय: अणुकेंद्राला आपल्या तारापूरसारखा सीआयएसएफचा, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा असावा, की ब्रिटनमधल्या सेलाफील्ड अणुकेंद्रासारखे स्वतंत्र अणुपोलीस? दोन दिवस तिचं ठरत नव्हतं.

मुख्य फरक अधिकारांचा. सीआयएसएफच्या 1968 च्या कायद्यात कलम 11 प्रमाणे विनावॉरंट अटक आणि कलम 12 प्रमाणे विनावॉरंट झडती घेता येते. पण कलम 13 सांगतं, पकडलेल्याला विनाविलंब पोलिसांच्या हवाली करा. पुढचा तपास पोलिसांचा. ब्रिटनच्या सिव्हिल न्यूक्लिअर कॉन्स्टॅब्युलरीचा, म्हणजे त्या अणुपोलिसांचा शिपाई मात्र खरोखरचा पोलीस. 2004 च्या ऊर्जा कायद्याने त्याला केंद्रात आणि कुंपणापासून 5 किलोमीटरपर्यंत कॉन्स्टेबलचे अधिकार दिलेत. अणुसामग्री वाटेत असेल तर तिच्या रक्षणासाठी लागेल तिथे ते अधिकार त्याच्यासोबत जातात. माझ्या मते त्या व्यवस्थेचा खरा जोर इथेच आहे.

खर्चात डावं-उजवं नाही, दोन्हीकडे मुख्यतः केंद्र चालवणाराच पैसे भरतो. मनुष्यबळात आपण भारी: तेच दल विमानतळ आणि दिल्ली मेट्रोही सांभाळतं, त्यामुळे कुमक लवकर उभी राहते. पण आज मेट्रोत असलेला जवान उद्या अणुभट्टीवर, ही अडचणही त्यातलीच.

भाचीला म्हटलं, मुद्दा मोठ्या देशातल्या अनेक आस्थापनांचा असेल तर सीआयएसएफची बाजू घे. मोजकी केंद्रं आणि रस्त्यावरून जाणारं प्लुटोनियम असेल, तर ब्रिटिशांची.