लेबल सरकतंय म्हणून ‘हेड गेलंय’ सांगितलं आणि साडेसहा हजार घेऊन गेला

आमचं सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-नॅपकिनचं छोटं पॅकिंगचं काम आहे. लूमवरनं माल येतो, आम्ही घडी घालून पिशवीत भरतो आणि वर बारकोडचं लेबल लावतो. पुण्याच्या पार्टीनं बारकोडशिवाय माल घेणार नाही म्हटलं म्हणून प्रिंटर घेतला, २०३ डीपीआयचा (म्हणजे एका इंचात २०३ ठिपके छापणारा), शाईच्या रिबनवाला. बारकोडचे नंबर, ते देणाऱ्या जीएस-वन इंडिया या संस्थेकडनं आमच्याच नावावर घेतलेले, ८९० नं सुरू होणारे, त्यात काही घोळ नव्हता. घोळ झाला प्रिंटरचं सेटिंग करून देणाऱ्या माणसामुळं.

लेबल ५० बाय २५ मिलिमीटरचं आणि दोन लेबलांत ३ मिलिमीटर गॅप. यानं ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या प्रिंटरच्या सेटिंगमध्ये, ‘कंटिन्युअस’ निवडून गॅप धरला २ चा. आता कंटिन्युअस म्हणजे प्रिंटर गॅप बघतच नाही, सांगितलेली लांबी मोजून कागद पुढं ढकलतो. म्हणजे दर लेबलाला एक मिलिमीटर चुकणार. पहिली चार-पाच लेबलं बरी यायची, आणि दहा-बारा झाली की निम्मा बारकोड या लेबलावर निम्मा पुढच्या. हे मला आज कळतंय, तेव्हा काहीच कळत नव्हतं. तो यायचा, रोल काढून परत घालायचा, चार-पाच लेबलं नीट काढून दाखवायचा आणि ६०० रुपये घेऊन जायचा. असं चार वेळा झालं. त्यात घाईत अर्धवट कापलेल्या बारकोडचीपण लेबलं मालावर लागली आणि पुण्याहून दोन गठ्ठे परत आले, भाडं आमच्याच गळ्यात.

पाचव्या वेळी वडिलांना म्हणाला, “काका, हेड गेलंय, नवीन टाकावं लागंल.” हेड म्हणजे प्रिंटरमधला बारीक ठिपके तापवून छापणारा भाग. वडिलांनी साडेसहा हजार दिले. बिल नाही, पैसे त्याच्या पर्सनल नंबरवर. प्रिंटर घेऊन गेला, दुसऱ्या दिवशी आणून दिला आणि तीन दिवसांत परत तेच.

मग ओळखीच्या एका प्रिंटिंगवाल्याला दाखवलं. त्यानं मीडिया टाइप ‘गॅप’ केला, साइज बरोबर टाकली आणि सेन्सर कॅलिब्रेट केला, प्रिंटरनं चार-पाच लेबलं पुढं ढकलून गॅप कुठं आहे ते स्वतःच ओळखलं. दोन लेबलांच्या मध्ये नुसता खालचा कागद असतो ना, तिथनं उजेड जास्त जातो, सेन्सरला त्यावरनं कळतं. दहा मिनिटांचं काम. त्यानंतर अख्खा रोल काढला, एक लेबल हललं नाही.

आणि त्यानंच सांगितलं, हेडचा एखादा ठिपका मेला की छपाईत बारीक पांढरी रेघ येते, कागद सरकतो त्या दिशेनं, प्रत्येक लेबलावर त्याच जागी. खराब हेडमुळं छपाई वर-खाली सरकत नाही. हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं, कारण आमच्या लेबलावर अशी रेघ आहे! सुरुवातीला आमच्या एका माणसानं चिकटलेलं लेबल ब्लेडनं खरवडलं होतं (ब्लेड अजिबात लावू नका, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड) तेव्हापासनं ‘टॉवेल’ शब्दाच्या शेजारी ती येते, बारकोडच्या बाहेर म्हणून स्कॅनिंगला त्रास नाही. परत आलेल्या गठ्ठ्यातलं जुनं लेबल काढलं, ‘नवीन हेड’ नंतरचं शेजारी ठेवलं. रेघ तीच, जागा तीच. हेड बदललंच नव्हतं ओ त्यानं!

फोन केला तर म्हणाला नवीन हेडला पण असतं तसं. त्यानंतर फोन उचलत नाही. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला विचारलं तर पहिला प्रश्न बिलाचाच.

मला राग पैशापेक्षा याचा आहे की वडील त्याला दर वेळी चहा पाजून पाठवायचे. आपल्याकडं आता चादरवाले, टॉवेलवाले, शेंगा चटणीवाले सगळेच हे प्रिंटर घेतायत म्हणून लिहितोय. कुणी हेड गेलंय म्हटलं तर आधी त्याच्यासमोर सलग पन्नास लेबलं काढा आणि रेघ शोधा. रेघ नसेल आणि छपाई नुसती सरकत असेल तर सेटिंगच बघायला सांगा. खरंच बदलायचं असेल तर जुनं हेड हातात मागून घ्या, बिलासकट. आमची ती दोन लेबलं मी वहीत चिकटवून ठेवलीत, कुणाला बघायची असतील तर दाखवतो.