दोस्तांसंग कंपनी का एकट्याची? प्रभात न् राजकमल पाहा
दारव्ह्याच्या भाच्याला फिल्म कंपनी काढायची हाय, पण चार दोस्त घेऊ का एकटाच काढू यातच अडकला.

आधी काम पाहा. 1929 ला कोल्हापुरात पाच जणांनी प्रभात फिल्म कंपनी काढली, दामले साउंड, फत्तेलाल सेट, धायबर कॅमेरा, शांतारामबापू डायरेक्शन अन् सीताराम कुळकर्णी पैशावाले, म्हणजे सगळं घरातच, बाहेरून माणूस आणायची गरजच कमी, मले हे लई भारी वाटते. राजकमल म्हंजे प्रभात सोडल्यावर बापूंनी स्वतःची काढलेली फिल्म कंपनी, 1942 ची, मुंबईची, तिथं शब्द बापूंचाच.

टिकाऊपणात मात्र राजकमल पुढं. बापू निघाले, 1945 ला दामले वारले अन् प्रभात पुढं बंद पडली. राजकमलनं 1972 ला पिंजरा दिला.

खिसा रिकामा असंन तर दोस्त घे, पण कोणी सोडून गेला तर काय ते आधीच कागदावर लिही. शेवटचा शब्द तुलेच पाह्यजे असंन तर एकटा काढ.