'निमो' घ्यावं की 'अरायव्हल'?

स्वप्नासारखी चित्रकादंबरी घ्यायची म्हटलं की दोन नावं पुढे येतात: विन्सर मॅके यांचं 'लिटल निमो इन स्लंबरलँड' आणि शॉन टॅन यांचं 'द अरायव्हल'. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे ही पुस्तकं दुकानात चाळायला मिळणं कठीण, मागवावीच लागतात. म्हणून आधीच सांगते: एकच घेणार असाल तर 'अरायव्हल' घ्या.

2006 सालचं हे ऑस्ट्रेलियातलं पुस्तक. सव्वाशे पानं, आणि वाचता येईल असा एकही शब्द गोष्टीत नाही. घर सोडून परदेशी निघालेल्या बापाची कथा. पहिल्याच पानावर नऊ चौकटी: कागदाचा पक्षी, घड्याळ, टोपी, पातेलं, मुलीनं काढलेलं चित्र, किटली, कप, बॅग, कुटुंबाचा फोटो. इतकं साधं घर, आणि बाहेर गावावर अजस्र शेपट्यांच्या सावल्या फिरताहेत. सगळं काम पेन्सिलीचं, जुन्या फोटोंच्या तपकिरी-करड्या छटांत. त्यामुळे पुढे खोलीत कसलासा पांढरा अनोळखी प्राणी निघतो, तोसुद्धा खराच वाटतो.

नव्या शहरातली लिपी टॅन यांनी स्वतः रचलेली आहे, म्हणजे नायकाइतकेच आपणही तिथे अडाणी. पोस्टरं चिकटवायचं काम मिळतं आणि तो ती उलटी लावून ठेवतो! बदली होऊन आपल्याकडे आलेला माणूस बसस्टँडवर कन्नड पाटीकडे बघत उभा असतो ना, तोच हा. शिवाय मराठीच वाचणारी आजी आणि कन्नड शाळेत जाणारा शेजारचा मुलगा हे पुस्तक मांडीवर घेऊन एकत्र बघू शकतात. मध्ये अर्थ सांगायला कुणी लागत नाही.

'निमो' ही निमो नावाच्या मुलाच्या स्वप्नांची चित्रमालिका. ते 15 ऑक्टोबर 1905 पासून 'न्यूयॉर्क हेरल्ड'च्या रविवारच्या अंकात पानभर, रंगीत छापून यायचं. 26 जुलै 1908 चं पान बघाच: पलंगाचे पाय लांबच लांब होतात, पलंग शहरातून चालत सुटतो, अडखळतो, आणि शेवटच्या चौकटीत निमोला जाग येते. इमारती आणि चित्रातल्या अंतराची खोली काढण्यात मॅके यांचा हात धरणारा मला तरी दुसरा दिसत नाही. चित्रकला शिकणाऱ्यानं ही पानं समोर ठेवून हात बसवावा. सलग वाचायला मात्र जड जातं. दर वेळी जाग येणार हे ठरलेलं, संवादांच्या फुग्यांतलं इंग्रजी दाटीवाटीचं. 'इम्प' या पात्राचं चित्रण तर आफ्रिकी माणसांची विटंबनाच आहे. मुलांना दाखवणार असाल तर त्यावर बोलावं लागेल.

आणि 'निमो'ची लहान आकाराची आवृत्ती घेऊ नका, वर्तमानपत्राच्या पानाची चित्रं तिच्यात गुदमरतात. मॅके 1934 मध्ये गेले, पानं आता हक्कमुक्त आहेत, स्कॅन फुकट मिळतात. मोबाइलवर नको, कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघा. पैसे 'अरायव्हल'वर घाला, जमलं तर पुठ्ठा बांधणीच्या प्रतीवर. कव्हर उघडल्यावर लगेच पासपोर्ट फोटोंसारखे साठ चेहरे दिसतील, ते घाईनं उलटू नका.