बोर्ड गेममधून जीवनकौशल्यं: कोपरखैरण्यातल्या रविवारच्या गटाचा काही महिन्यांचा अनुभव

खोक्यावर ‘जीवनकौशल्ये शिकवणारा खेळ’ असं छापलेलं असेल, तर पैसे देण्याआधी आतले नियम वाचून बघा. काही महिने सातवी ते दहावीच्या मुलांबरोबर वेगवेगळे बोर्ड गेम खेळल्यावर माझं पहिलं सांगणं हेच आहे. दिवाळीनंतर नवी मुंबईतल्या आमच्या वस्तीतल्या वाचनालयात दर रविवारी सकाळी हा गट सुरू झाला. तेव्हा मी सगळ्यात आधी असाच एक संच आणला होता. फासा टाकायचा, सोंगटी पुढे न्यायची. एका घरात लिहिलंय, ‘खोटे बोललात, तीन घरे मागे’. दुसऱ्यात, ‘आजीला मदत केली, पाच घरे पुढे’. पण ज्या मुलाची सोंगटी तिथे गेली, त्याने खोटं बोलायचं ठरवलं कुठे होतं? फाशाने त्याला तिथे नेऊन बसवलं. दोन रविवारांनंतर त्या संचाला कुणी हात लावला नाही आणि मीही आग्रह केला नाही.

हा साचा आपल्याकडे जुनाच आहे. परंपरेने ज्याचा संबंध ज्ञानेश्वरांशी जोडला जातो, त्या मोक्षपटात पापाचे साप आणि पुण्याच्या शिड्या होत्याच. पण तिथे फासा म्हणजे दैव, आणि त्या खेळामागच्या विचारात ते बसतं. निर्णय घेणं, बोलणी करणं, राग आवरणं, दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघणं हे शिकवायचं असेल, तर निर्णय मुलाच्याच हातात हवा आणि त्याचा परिणाम त्याच टेबलावरच्या दुसऱ्या कुणाला तरी जाणवायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतली दहा जीवनकौशल्यं मी गट सुरू करताना वहीत उतरवून घेतली होती. कुठलाही खेळ आणताना मी आता एवढंच बघते, की यातलं एखादं कौशल्य न वापरता हा खेळ खेळता येतो का. येत असेल तर तो करमणुकीसाठी उत्तम, पण या कामाचा नाही.

सगळ्यात जास्त ज्याने दिलं, तो घरोघरी असलेला ‘व्यापार’. जागा घ्या, घरं बांधा, भाडं वसूल करा. याच्या मुळाशी एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंचा खेळ आहे, १९०४ साली पेटंट घेतलेला. जमीन थोड्यांच्या हातात गेली की भाड्यापायी बाकीचे कसे कंगाल होतात, हे लोकांना कळावं म्हणून त्यांनी तो रचला होता. पुढे त्यातून मोनोपॉली आला, १९३५ पासून पार्कर ब्रदर्सने तो विकला, आणि जो धोका दाखवायचा होता तेच जिंकण्याचं साधन होऊन बसलं. मॅगीबाईंच्या खेळाला दोन नियमावल्या होत्या हे वाचल्यावर आम्हीही तसं करून पाहिलं. एका रविवारी नेहमीचे नियम. पुढच्या रविवारी जागेचं भाडं मालकाला न देता मधल्या डब्यात टाकायचं आणि ठरावीक रक्कम जमली की सगळ्यांना सारखं वाटायचं.

पहिल्या प्रकारात तासाभरात दोन मुली बाद झाल्या आणि खिडकीत जाऊन बसल्या. दुसऱ्यात कुणीच बाद झालं नाही, पण ज्याच्याकडे सगळ्यात चांगल्या जागा होत्या तो मुलगा धुसफुसत होता. “पैसे घालून मी जागा घेतली, मग मला काय?” त्याचा प्रश्न खरा होता आणि टाळता येणारा नव्हता. आमच्या गटातली बरीच मुलं भाड्याच्या घरात राहतात. अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, करार संपला की भाडेवाढ नाहीतर टेम्पो, हे त्यांनी पाहिलेलं आहे. घणसोलीहून येणारी एक मुलगी म्हणाली, “ताई, आमचा घरमालक वाईट नाही, पण दरवर्षी भाडं वाढवतो, आणि आईला दरवर्षी शिवणकामाच्या ऑर्डरी वाढवाव्या लागतात.” त्यावर घर भाड्याने दिलेल्या कुटुंबातल्या मुलाने त्यांच्या कर्जाचा हप्ता किती जातो ते सांगितलं. पैशाबद्दल इतकं उघड बोलणं मी या वयाच्या मुलांमध्ये आधी ऐकलं नव्हतं. ‘व्यापार’ घरात असेल तर नवीन काही विकत न आणता एवढा प्रयोग जरूर करा.

दुसरा खेळ कॅटान. क्लाउस टॉयबर यांचा हा जर्मन खेळ १९९५चा. तीन किंवा चार जण, एक बेट, आणि लाकूड, वीट, लोकर, धान्य, खनिज असे पाच प्रकारचे पत्ते. रस्ते आणि वस्त्या उभारून सगळ्यांच्या आधी दहा गुण करायचे. हवं ते सगळं एकाला कधीच मिळत नाही, म्हणून अदलाबदल करावीच लागते. इथे आमची मुलं चमकली. कोपरखैरण्यात, घणसोलीत माथाडी कामगारांची घरं खूप. कुणाचे वडील, कुणाचे काका वाशीच्या एपीएमसी घाऊक मार्केटात कामाला, त्यामुळे भाव ठरवण्याची भाषा कानावरून गेलेली असते. शाळेत गप्प असणारा नववीतला एक मुलगा समोरच्याला शांतपणे म्हणाला, “तुला वीट आत्ता लागणार आहे, मला लोकर पुढच्या फेरीला चालेल. मग दोनास एक.” कधी कुणाला कशाची गरज आहे हे ओळखून, आवाज न चढवता बोलणं त्याला जमत होतं. त्याच्या वर्गशिक्षकांना हे दिसायला हवं होतं असं मला फार वाटलं.

याच खेळात एकाने दुसऱ्याला वचन देऊन पत्ता घेतला आणि पुढच्या फेरीत वचन फिरवलं. नियमात ते बसतं. तो डाव त्याने जिंकलाही. नंतर दोन-तीन रविवार त्याच्याशी कुणी सौदाच करेना. मी एक अक्षर बोलले नाही, बोलायची गरजही पडली नाही.

साठवण्याबद्दलही यात चांगली तरतूद आहे. दोन फाशांची बेरीज सात आली की ज्याच्या हातात सातपेक्षा जास्त पत्ते असतील त्याला निम्मे परत करावे लागतात. ३६ शक्यतांपैकी ६ सातच्या, म्हणजे ही बेरीज सगळ्यात जास्त वेळा येणार. दोन आणि बारा मात्र ३६ पैकी एकेकदाच. आठवीच्या मुलांनी हा तक्ता स्वतः वहीत मांडला आणि मग बेटावरच्या कुठल्या आकड्याजवळ वस्ती करायची ते ठरवलं. मूळ संच महाग आहे हे खरं. आम्ही वर्गणी काढून एकच घेतला आणि टेबलांनी पाळ्या लावल्या.

फॉर्बिडन आयलंड हा २०१० सालचा मॅट लीकॉक यांचा खेळ सगळ्यांनी मिळून जिंकायचा किंवा मिळून हरायचा. चोवीस फरशांचं बेट बुडत जातं, त्याआधी चार खजिने घेऊन निघायचं. माझ्या मते राग आणि घाई हाताळायला याच्याइतका चांगला खेळ नाही. अडचण एकच, आणि ती मोठी आहे: एक हुशार मुलगा सगळ्यांच्या चाली ठरवायला लागतो आणि बाकीचे त्याचे हात बनतात. आम्ही नियम केला की ज्याची पाळी त्याने आधी बोलायचं आणि त्याने विचारल्याशिवाय कुणी सल्ला द्यायचा नाही. पहिले दोन डाव हरलो, पण त्यानंतर एरवी मान खाली घालून बसणारी मुलं बोलू लागली. एकदा पाणी चढत असताना एकाने इथल्या धारण तलावांचा विषय काढला. भरतीच्या वेळी खाडीकडचे दरवाजे बंद होतात, पावसाचं पाणी तलावात साठतं आणि ओहोटीला सोडतात. त्याच तलावाशेजारून ही मुलं रोज शाळेत जातात. डाव थांबवून आम्ही त्यावरच बोललो.

कोडनेम्स हा व्लादा ख्वातिल यांचा २०१५चा खेळ आम्ही विकत घेतलाच नाही. पाच बाय पाच चिठ्ठ्या मराठीत लिहिल्या. एक शब्द आणि किती चिठ्ठ्या उचलायच्या तो आकडा, एवढ्याच खुणेवर आपल्या गटाने नेमके शब्द ओळखायचे. “कोकण, तीन” म्हटलं की आंबा, समुद्र, रेल्वे लगेच उचलले गेले. पण एका मुलीने “वारी, दोन” दिलं तेव्हा तिच्या गटातला, घरी भोजपुरी बोलणारा मुलगा गोंधळून बसला. तिने टाळ आणि पाऊस मनात धरले होते. पुढच्या खेपेला खूण देण्याआधी तिने त्याच्याकडे बघितलं आणि त्याला काय माहीत असेल याचा विचार करून शब्द निवडला. संवादकौशल्यावरची कितीतरी व्याख्यानं मुलांनी ऐकलेली असतात. इथे समोरच्याचा विचार केल्याशिवाय गुणच मिळत नाही.

डाव संपल्यावर दहा-पंधरा मिनिटं गोल करून बसणं आम्ही कधीच चुकवत नाही. काय झालं, त्या वेळी काय वाटलं, पुन्हा तसंच आलं तर काय करशील, असं घरी किंवा शाळेत कधी झालंय का, एवढेच प्रश्न. मोठ्यांनी उत्तरं द्यायची नाहीत, तात्पर्य तर मुळीच सांगायचं नाही. हा वेळ कापला तर उरतो तो नुसता खेळ. एका टेबलाला एक मोठं मूल लागतं, निदान सुरुवातीचे दोन महिने, नाहीतर नियमांच्या भांडणातच सकाळ जाते.

पावसाळी दमटपणात पत्ते वाकतात, म्हणून प्लॅस्टिकची पाकिटं आधीच घाला. हरवलेल्या सोंगटीच्या जागी बटण किंवा कवडी चालते. परीक्षेच्या महिन्यात हजेरी निम्म्यावर येते.

जे झालं नाही तेही लिहायला हवं. खेळातल्या नोटा जपणारी मुलं खाऊचे पैसे जपू लागली असं मला दिसलेलं नाही. टेबलावर शांतपणे हरणारा मुलगा क्रिकेटच्या मैदानावर अजून बॅट आपटतो. खेळात शिकलेलं बाहेर आपोआप चालत येत नाही, त्यासाठी घरच्यांनीही त्यावर बोलायला हवं, आणि सगळ्याच घरांत तेवढा वेळ नसतो. बदल दिसला तो बोलण्यात. हरकत घेणं, पाळी मागणं, “मला नाही पटत” असं न चिडता म्हणणं. दोन आयांनी हे स्वतःहून येऊन सांगितलं.

सातवीच्या खालच्या मुलांना कॅटान देऊ नका, त्यांच्यासाठी चिठ्ठ्यांचा खेळ आणि फॉर्बिडन आयलंड पुरेसे आहेत. आमच्या दहावीच्या मुलांनी सुट्टीत स्वतःचा खेळ रचायला घेतलाय: नवी मुंबईत भाड्याचं घर शोधण्याचा. डिपॉझिट, स्टेशनपासूनचं अंतर, पाण्याच्या वेळा असे पत्ते तयार झालेत. दलालाला एका महिन्याचं भाडं द्यायचं की अर्ध्या, यावर मात्र दोन रविवार वाद चालू आहे, आणि नियमावलीचं ते पान कोरं ठेवलंय.